धैवतावरचा थांबा

आधी एक स्पष्ट करते. माझी आत्या परदेशात ‘गाण्याचे क्लास घेते’ असं आमच्या नातेवाइकांत, तिच्या गुरुबंधूंत आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सर्रास बोललं जातं, ते मला मान्य नाही. क्लास शिवणाचे असतात, दहावीचे असतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर मी ओळखते. त्यात ‘इथे नाव झालं नाही म्हणून तिकडे गेली’ हे येतं. ‘तिकडे काय, काहीही खपतं’ हेही येतं. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते: फुटपाथसाठी, मैदानासाठी, नाल्यात रात्रीतून टाकलेल्या डेब्रिजविरुद्ध. एखाद्याला कमी लेखायचं असेल तेव्हा लोक किती गोड बोलतात, हे मला पत्रकं लिहितानाच कळलं.

तर आत्या. बाबांची धाकटी बहीण. भांडुपला डोंगराच्या बाजूच्या एका चाळीत दोघं वाढली. आजोबा मालवणाकडून आलेले, जवळच्याच कारखान्यात फिटर. आत्या शाळेत असतानाच तो कारखाना बंद पडला. आज तिथे टॉवर उभे आहेत, आणि त्या टॉवरांच्या बदल्यात कबूल केलेलं मैदान कुठे गेलं, हे विचारणारी पत्रकं मीच लिहिली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. असो.

चाळीच्या मागच्या गल्लीत बुवा राहायचे. दोन खोल्या, दोन तंबोरे आणि सकाळी सहाला सुरू होणारी शिकवणी. आजोबा घरी बसल्यावर वर्षा-दोन वर्षांनी आत्या एकदा सकाळी त्यांच्या दारात जाऊन बसली. “काय पाहिजे?” बुवांनी विचारलं. “ऐकायचंय,” ती म्हणाली. “मग आत बस, दारात वारा लागतो,” एवढीच तिची प्रवेश परीक्षा. पुढे बुवा जाईपर्यंत ती तिथे बसत राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर सांगते, वेळ नाही मिळाला. मला ते खरं वाटतं.

बुवा गेल्यावर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या भारतीय मंडळाने तिला दोन महिन्यांसाठी बोलावलं, मुलांना भजनं शिकवायला. त्या दोन महिन्यांना आता वीस वर्षं होऊन गेली. मंडळाशी तिचं फार काळ जमलं नाही. मुलांच्या आयांना दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर जाईल असं काहीतरी पटकन हवं होतं आणि आत्या पोरांकडून नुसता षड्ज लावून घेत बसायची. मंडळाने दुसरी बाई बघितली. पण हॉलच्या मागे बसून ऐकणारी तीन-चार तिथलीच माणसं होती, ती आत्याच्या मागे आली. त्यांची पुढे दहा-बारा झाली. गर्दी कधीच झाली नाही.

मी एकदा तिच्याकडे जाऊन राहिले आहे. तिथल्या चर्चच्या मागे एक लांबट खोली शनिवारी भाड्याने मिळते. आत्याच्या आधी तिथे लहान मुलींचा नाच असतो, नंतर कराटे. मधला वेळ आत्याचा. ती बसने जाते, पाठीवर तंबोरा, हातात सतरंजीची वळकटी. सतरंजी मुलुंडच्या बाजारातली. आधी जमिनीवर सांडलेली नाचातली चमकी झाडते, मग सतरंजी घालते आणि मग खोलीतला हीटर बंद करते. बाहेर थंडीने कान गळून पडतील की काय अशी अवस्था, आणि ही हीटर बंद करते, का तर त्या कोरड्या गरम हवेत तारा एका जागी राहत नाहीत. सगळे शिष्य कोट घालून बसतात. बूट बाहेर, पायात जाड मोजे, त्यातल्या एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. पहिलं वर्षभर कोणी काही लिहून घ्यायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही. ती गाते, ते गातात. ती तेच परत गाते, ते परत गातात. मी गेले त्या शनिवारी अख्ख्या बैठकीत दीड ओळ झाली. मी सारखी घड्याळ बघत होते. बाकी कोणी बघत नव्हतं.

घरी जाताना बसमध्ये मी म्हणाले, “आत्या, अशाने ही माणसं पळून जातील गं.”

“जातात की. बरीच जातात.”

“मग?”

“मग जी राहतात ती गातात,” ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

याला जे क्लास म्हणतात त्यांनी त्या खोलीत एक शनिवार कोट घालून बसून दाखवावं.

आता तोडीबद्दल सांगायला हवं. तोडी हा सकाळचा राग. बुवांची त्यातली एक संथ बंदिश आत्याकडे आली आहे, आणि तिचे शिष्य जेव्हा खरंच शिकायला लागतात तेव्हा ती हीच शिकवते. त्यात एक विलक्षण प्रकार आहे. गाणारा खालून एकेक स्वर उलगडत वर येतो, धैवतापर्यंत पोचतो, आणि आता वरचा षड्ज लागणार म्हणून ऐकणारे सरसावून बसतात, तेव्हा तो गप्प होतो. तबल्याचा एक पूर्ण फेरा तो गप्पच असतो. संथ लयीत हा फेरा जवळजवळ मिनिटभर चालतो. तंबोरा चालू, ठेका चालू, माणूस मुका. मग समेवर षड्ज. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत्या पुढचं विसरली.

“विसरले नाही,” ती म्हणाली. “बुवा असेच गायचे. रोज. वरचा षड्ज ओढून आणायचा नसतो गं. तो तंबोऱ्यात आधीपासून असतोच. आपण तोंड बंद केलं की ऐकू येतो. मग नुसतं जाऊन त्याच्यात बसायचं.”

“बुवांनी असं सांगितलं?”

“बुवा कुठे काय सांगायचे. मी ऐकून ऐकून समजले.”

त्या थांबण्यावर तिचं सगळं शिकवणं उभं आहे, असं म्हटलं तरी चालेल. तिच्या शिष्यांपैकी एक बाई तिथल्या सार्वजनिक तलावात लहान मुलांना पोहायला शिकवते. पस्तिशीची, रुंद खांद्यांची, हसली की सगळी हसणारी. तिने मला सांगितलं, की घाबरून हातपाय मारणाऱ्या पोरांना ती आता आत्याचंच वाक्य सांगते: मारू नकोस, थांब, पाणी आहेच. बारा वर्षं ती आत्याकडे शिकते आहे. इतर सगळे शिष्य आत्याला ताई म्हणतात, हीसुद्धा ताईच म्हणते, फक्त तिच्या तोंडी ते ‘टाई’ होतं, आणि आत्या, जी कोमल ऋषभ केसभर चढला तरी हात वर करते, ते मात्र सोडून देते.

गेल्या हिवाळ्यात गोष्ट घडली ती या बाईवरूनच.

आत्या दर हिवाळ्यात आमच्याकडे मुलुंडला येते, कारण तेव्हा बुवांची पुण्यतिथी असते. भांडुपच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी बैठक होते. सगळे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य गातात, धाकटे आधी, थोरले शेवटी. हे सगळं जमवून आणतात आत्याचे थोरले गुरुबंधू. ते बुवांकडे सगळ्यांच्या आधी आलेले, आता सत्तरीच्या पलीकडचे. आत्या त्यांना दादा म्हणते, म्हणून आम्हीही. हॉल मिळवायचा, तबलजी सांगायचा, वडे-चहा सांगायचा, सगळं दादा. माणूस वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे.

आत्याने त्यांना फोन करून सांगितलं होतं, यंदा माझी शिष्या येते आहे, तिला गायला बसवा. त्यावर बोलायला दादा स्वतः आमच्या घरी आले.

“पाहुणी म्हणून सुरुवातीला बसवू की,” ते म्हणाले. “एखादं भजन. गोरी बाई मराठीत गाते म्हटल्यावर लोक खूश. सगळे मोबाइल काढतील बघ.”

“भजन नाही दादा. तोडी गाईल. शिष्यांच्यात बसून.”

“शिष्यांच्यात म्हणजे बुवांच्या?”

“मग अजून कोणाच्या?”

दादांनी चहा बशीत ओतला. “अगं, तू तिकडे क्लास घेतेस, चांगलंच आहे. आपलं गाणं चार लोकांना कळलं, आनंद आहे. पण ती बैठक बुवांची आहे. तिथे बसायचं म्हणजे...”

“म्हणजे काय?” मी मध्ये पडले. “पासपोर्ट दाखवायचा?”

“तू गप्प गं,” आत्या म्हणाली.

“बोलू दे तिला. आमच्या इथे वाटलं होतं तिचं पत्रक, मैदानाचं. झणझणीत लिहिते.” दादा हसले आणि मग हसणं बाजूला ठेवून आत्याकडे वळले. “हे बघ, मला गोरी-काळी काही नाही. पण तिचं चुकलं तर तिला कोणी हसणार नाही. पाहुणी म्हणून टाळ्याच वाजवतील. आणि घरी जाताना म्हणतील, बुवांचं गाणं बघा आता असं झालं. चूक तिच्या नावावर नाही जाणार, बुवांच्या जाईल.”

“म्हणूनच पाहुणी नको म्हणते. त्या टाळ्या नकोत मला.”

“वेळ कुठाय पण? सगळ्यांचे वेळ ठरलेत.”

“माझा तिला द्या. मी मागे तंबोऱ्यावर बसते.”

दादांनी बशी खाली ठेवली. आत्या इथे वर्षातून एकदाच गाते, आणि तिची पाळी दुपारकडे येते म्हणून सकाळची तोडी इथे कधी गात नाही. तिला ऐकायला म्हणून बोरिवली, गोरेगावाहून उठून येणारे लोक आहेत. त्या सगळ्यांसमोर ती गाणार नाही, तिच्या जागी एक पोहायला शिकवणारी बाई गाईल. आणि ती घसरली, तर चर्चच्या मागच्या खोलीतली आत्याची सगळी वर्षं कायमची ‘क्लास’ ठरणार. हे दादांना कळलं होतं, मला कळलं होतं आणि आत्याला आमच्या आधीपासून माहीत होतं.

“विचार कर,” दादा म्हणाले.

“केलाय.”

आतल्या खोलीतून बाबा ओरडले, “दादानू, गाऊंदे तिका. बुडली तर पवता येता तिका.”

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा होता: ‘घराणं ही खाजगी मालमत्ता आहे काय?’ सकाळी शंभर प्रती काढून आणल्या आणि आत्यापुढे ठेवल्या. म्हटलं, रविवारी हॉलच्या दारात वाटते. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं. एकदा मान हलवली, मला वाटलं पटलं.

“‘आहे काय’ कशाला गं? ‘आहे का’ लिही, माणसासारखं.”

“बाकी?”

“बाकी बरोबर आहे. पण हे वाटलंस तर लोक तिला तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील. किंवा तुझ्यासाठी वाजवणार नाहीत. तिचं गाणं राहील बाजूला.” मग तिने एक पत्रक घेतलं, घडीवर घडी घातली आणि आमच्या जेवायच्या टेबलाच्या लुळ्या पायाखाली सरकवलं. टेबल हलायचं थांबलं. ते अजून तिथेच आहे. त्यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही.

शिष्या बैठकीच्या आठवडाभर आधी आली. आमच्या घरात पाहुण्यांना वेगळी खोली नाही, ती हॉलमध्ये गादी टाकून झोपायची आणि पहाटे आत्याच्या आधी उठून बसायची. समोरच्या काकूंनी पहिल्या दिवशी दार उघडून विचारलं, “टीव्ही लावलाय का गं एवढ्या सकाळी?” दुसऱ्या दिवशी आंबोळ्या घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी शिष्या ओट्याशी उभी राहून त्यांच्याकडून आंबोळी उलटायला शिकत होती आणि काकू तिला मराठीतच झापत होत्या: “घाई कशाला गो, सुटू दे आधी.” एवढा धीर मला आमच्या नागरिक समितीच्या एका मीटिंगमध्ये कधी दिसलेला नाही.

तिला भीती वाटत होती. शनिवारी संध्याकाळी तिने मला विचारलं, मी चुकले तर ताईचं काय होईल? मी खोटं बोलत नाही, सांगितलं तिला. तिने पोळ्या लाटायला मागितल्या.

रविवारी हॉल भरला होता. शाळेच्या बाकांवर म्हातारी मंडळी, खाली सतरंजीवर बाकीचे, मागे फळ्यावर कोणीतरी बुवांचं नाव रंगीत खडूने लिहिलेलं. दोन धाकटी मुलं गाऊन झाली आणि दादांनी माइक हातात घेतला. पण ते ‘परदेशी पाहुण्या’ वगैरे काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “आता तोडी,” आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. शिष्या साडीत बसली होती, काकूंनी नेसवलेली. आत्या तिच्या मागे, तंबोरा घेऊन. आत्याला मागे बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

शिष्येने षड्ज लावला आणि मला जरा बरं वाटलं. गाण्यातलं मला फार कळतं असा दावा नाही. पण मोर्चात बोलणारा माणूस घाबरला आहे की नाही हे मला आवाजावरून कळतं, आणि ती घाबरली होती आणि तरी आवाज जिथे ठेवायचा तिथे ठेवत होती. एकेक स्वर घेत ती वर आली. ज्यांनी मोबाइल काढले होते त्यांनी हळूहळू ते मांडीवर ठेवले. ती धैवतावर आली, धैवत नीट जोखला, आणि गप्प झाली.

ठेका चालू राहिला. आत्याची बोटं तारांवर चालू राहिली.

तेव्हा मी बघितलं, की पहिल्या रांगेत दादांनी मान वळवली होती. ते गाणारीकडे बघत नव्हते. डाव्या हाताच्या खिडकीकडे बघत होते, जिथून टॉवरांचे वरचे मजले दिसतात. त्यांच्या शेजारचे आणखी एक म्हातारे गृहस्थही तिकडेच बघत होते. पलीकडच्या बाकावर बुवांची सून बसली होती, ऐंशीच्या घरातली, तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. माझं डोकं सटकलं. बाई मिनिटभर जीव मुठीत धरून बसली आहे आणि हे हसतात.

फेरा पुरा झाला. समेवर षड्ज लागला, स्वच्छ, जणू तिथे कोणीतरी आधीच ठेवून दिला होता.

“वाजला,” दादा मोठ्याने म्हणाले.

आणि म्हातारे सगळे हसले. बाकीच्यांना काही कळलं नाही. शिष्येला मराठी येत नाही. ती एक क्षण अडखळली, मागून आत्याने तारेवर बोट जरा जोरात फिरवलं, ती सावरली आणि पुढचं सगळं नीट गायली. पण आत्याचा चेहरा मी बघत होते. तिलाही काही कळलं नव्हतं, आणि गाण्यातली गोष्ट तिला कळली नाही असं मी कधी पाहिलेलं नाही.

चहाच्या वेळी मी सरळ दादांच्या समोर जाऊन उभी राहिले. “काय वाजलं? हसायला काय झालं तुम्हा लोकांना?”

“भोंगा गं,” दादा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. “कारखान्याचा. सातची पाळी. बुवा सहाला बसायचे, तोडी घेतली की सातच्या सुमाराला धैवतावर यायचे आणि भोंगा सुरू व्हायचा. एवढा मोठा आवाज, त्यात कोण गाणार? मग गप्प बसायचं. भोंगा संपला की षड्ज.” ते आत्याकडे वळले. “तू आलीस तेव्हा कारखाना चालू होता?”

“बंद झाला होता.”

“हां. भोंगा बंद झाला, बुवांचं थांबणं राहिलं. आम्हाला माहीत होतं, आम्ही काढून टाकलं आमच्या गाण्यातून. तुला कोणी सांगितलंच नाही.”

“बुवांनी का नाही सांगितलं?”

“आपण थांबतो हे बुवांना तरी माहीत असेल असं वाटतं तुला?”

वड्याची बशी हातात घेऊन उभा असलेला दादांचा एक शिष्य, शिकलेला, टापटीप, म्हणाला, “म्हणजे तिकडे इतकी वर्षं चूकच शिकवली गेली की.”

मी तोंड उघडलं. आत्याने माझ्या दंडावर हात ठेवला.

“हो,” ती त्याला म्हणाली. “चूक शिकवली. एकूण एक शिष्याला.”

मग तिने शिष्येला जवळ बोलावलं आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, इंग्रजीत सांगितलं. गोडीगुलाबीने नाही, जसं आहे तसं. मी तुला सांगितलेलं कारण माझं होतं. खरं कारण कारखान्याचा भोंगा होता. माझे वडील त्याच कारखान्यात होते, लहानपणी मी तो भोंगा रोज ऐकला, आणि गाण्यात तो समोर आला तेव्हा मला ओळखता आला नाही. एखाद्याची वीस वर्षांची शिकवण चहाच्या कपाएवढ्या वेळात अशी उघडी पडावी आणि त्याने ती स्वतःच्या हाताने शिष्यापुढे मांडावी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मी मोठमोठ्या नेत्यांना दोन ओळींची चूक कबूल करताना पाहिलं आहे. त्यांना महिने लागतात, आणि शेवटी कार्यकर्त्यावर ढकलतात.

शिष्या ऐकून घेत होती. शेवटी तिने दादांकडे बघून एक प्रश्न विचारला. आत्याने तो मराठीत सांगितला: “ती विचारते, भोंगा किती वेळ वाजायचा?”

“तू थांबलीस तेवढा,” दादा म्हणाले. “बरोब्बर तेवढाच. मी खिडकीकडे बघत होतो ना, मला वाटलं आता थांबेल, आणि तू षड्ज लावलास.” आत्या हे इंग्रजीत सांगत होती तोवर ते त्या टापटीप शिष्याकडे वळले. “चूक म्हणालास ना तू? मी तुला तोडी शिकवलीय. बुवांच्या खोलीत सकाळी कसं वाटायचं ते तुझ्या गाण्यात आहे का, सांग. माझ्याच नाही. मी काढून टाकलं. हिने ठेवलं. ऊन नसलेल्या गावात जाऊन ठेवलं.”

नंतर सगळ्यांत शेवटी दादा गायचे होते. ते बसले, तंबोरे जुळवून घेतले, आणि मागे वळून म्हणाले, “ही कुठे गेली? ये, मागे बस. आवाजाची साथ कर.” आमच्यात आवाजाची साथ घरच्या शिष्याला देतात. पाहुण्याला नाही. शिष्येला हे ठाऊक नव्हतं, ती उठून जाऊन बसली. आत्याला ठाऊक होतं. ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिली.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “आमचे वडील गेटातून आत जाईपर्यंत बुवा थांबायचे, असंच झालं की हे.”

“आमचो बापूस?” बाबा पुढून म्हणाले. “तो खय वेळेत पोचायचो. भोंगो संपल्यार धावत जायचो तो. बुवांचो षड्ज लागलो की आमची आवस म्हणायची, गेलो बघ आजचो अर्धो रोज.”

आत्या इतकी हसली की रिक्षावाल्याने आरशात बघितलं.

त्या कारखान्यावर मी किती लिहिलं आहे. जमीन कोणाची, कोणी विकली, कोणी सही केली. त्याला आवाज होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या डोक्यात विचारायचंही आलं नव्हतं. पुढच्या पत्रकात तो घालणार आहे. समिती म्हणेल, मुद्द्याचं लिही. हाच मुद्दा आहे.

पुढच्या शनिवारी आत्याने आमच्या जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून शिकवलं. पलीकडे ते सगळे चर्चच्या खोलीत, कोट घालून, एका स्क्रीनसमोर दाटीवाटीने. शिष्या इथे, आत्याच्या शेजारी. आत्याने आधी भोंग्याची गोष्ट सांगितली. तिकडे मागच्या एकाने विचारलं, म्हणजे आता थांबायचं नाही का?

“मला माहीत नाही,” आत्या म्हणाली. “मी अजून ठरवलं नाही. मी गाते, तुम्ही ठरवा.”

ती गायला लागली. माझी आई आत होती, कुकर लावलेला होता. आत्या धैवतावर आली आणि गप्प झाली, आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, लांबलचक, घर भरून टाकणारी. मी उठायला लागले तशी आत्याने हाताने खाली बस म्हटलं. शिट्टी संपेपर्यंत ती थांबली. स्क्रीनवर ते सगळे थांबले होते, तोंडं मिटून, माना जरा वर करून.

मग तिने षड्ज लावला आणि त्या थंड खोलीतून, जरा उशिराने, एकेक करून सगळ्यांनी लावला.